मानसोपचार वॉर्डातून घरी: डिस्चार्जची योजना रुग्णाबरोबर बसून कशी करायची

वॉर्डातला डिस्चार्ज बहुतेक वेळा असा होतो. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "उद्या घरी सोडा." नातेवाइकांना फोन जातो. दुसऱ्या दिवशी केस पेपर, गोळ्यांची पिशवी आणि ओपीडीची तारीख भावाच्या हातात देऊन सिस्टर दारातच सांगतात, "गोळ्या वेळेवर द्या, चुकवू नका." ज्याला त्या गोळ्या रोज गिळायच्या आहेत तो माणूस शेजारी कपड्यांची पिशवी धरून उभा असतो. त्याच्याशी कुणी बोललेलंच नसतं. काही महिन्यांनी तो पुन्हा भरती झाला की आपण नोंदीत लिहितो, "औषधं स्वतःहून बंद केली."

हा लेख वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदरसाठी आहे. रिकव्हरी या शब्दाचा अर्थ इथे एवढाच घेतला आहे: थोडीफार लक्षणं उरली तरी माणसाला आपल्या मनासारखं जगता यावं, आणि त्याच्या उपचाराचे निर्णय त्याच्यासकट व्हावेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ९८ नुसार प्रत्येक डिस्चार्जच्या आधी रुग्ण, उपचाराच्या निर्णयांत त्याच्या बाजूने उभा राहणारा नामनिर्देशित प्रतिनिधी, तो ज्यांच्याकडे राहणार ते घरचे आणि पुढे उपचार करणारे डॉक्टर यांच्याशी चर्चा करून योजना करणं बंधनकारक आहे. जबाबदारी मानसोपचारतज्ज्ञांची असली, तरी राउंडला डॉक्टर काही मिनिटं भेटतात आणि पाळीभर रुग्णाजवळ आपण असतो. ही योजना चांगली होते की फाइलपुरती उरते, ते आपल्या हातात आहे.

## टप्पा १: तयारी भरतीच्या पहिल्या आठवड्यात

डिस्चार्जची तयारी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सुरू करणं ही सगळ्यांत मोठी चूक. माणूस जरा शांत झाला, जेवू-झोपू लागला की लगेच या गोष्टी शोधून एका कागदावर लिहा:

१. भरती कोणत्या कलमाखाली झाली? कलम ८६ खाली माणूस स्वतःच्या इच्छेने येतो आणि घरी जायचं म्हणाला तर त्याला विनाकारण अडवता येत नाही. कलम ८९ खालची, म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरून झालेली भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

२. नामनिर्देशित प्रतिनिधी कोण? रुग्णाने साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमलेली व्यक्ती चालते. ती नवराच असेल किंवा वडीलच असतील असं गृहीत धरू नका. विचारा.

३. आगाऊ निर्देश लिहून ठेवला आहे का? म्हणजे आजारपणात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे माणसाने बरा असताना लिहिलेलं आहे का?

४. माणूस घरी जाणार म्हणजे नक्की कुठे? गाव, घरातली माणसं, झोपायची जागा, जवळची एसटी, आणि मानसोपचाराची औषधं मिळतील असं सगळ्यांत जवळचं ठिकाण. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून दूरच्या तालुक्यात जाणाऱ्याला दर महिन्याला परत येणं परवडत नाही. त्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी असते, ते आत्ताच फोन करून विचारा.

तपासा: ३० वा दिवस कोणत्या तारखेला येतो ते केस पेपरच्या दर्शनी पानावर लिहिलंय का? ती तारीख जवळ आली की घाईचा डिस्चार्ज होतो, आणि घाईच्या डिस्चार्जला योजना नसते.

## टप्पा २: पहिली बैठक रुग्णाबरोबर, एकट्याने

घरच्यांच्या आधी रुग्णाशी बोला. क्रम उलटा केला की रुग्ण पुढच्या प्रत्येक बैठकीत घरच्यांच्या तोंडाकडे बघून बोलतो.

नर्सिंग स्टेशनसमोर उभं करून विचारू नका. खाटेजवळ स्टूल घ्या किंवा व्हरांड्यात बसा. गोळ्यांची गुंगी ज्या वेळी कमी असते ती वेळ निवडा. चाळिशीच्या माणसाला "ए सुरेश, इकडे ये" म्हणायची सवय अनेक वॉर्डांत आहे. ती आधी सोडावी लागेल. अहो-जाहो करा, ताई, दादा, काका म्हणा. ज्याला दिवसभर अरे-तुरे ऐकावं लागतं, तो स्वतःचं मत सांगायच्या फंदात पडत नाही.

विचारायचं ते साधं आहे. घरी गेल्यावर पहिल्यांदा काय करावंसं वाटतं? आजाराआधी दिवस कसा जायचा? त्यातलं काय परत हवंय? घरी जायची कशाची धास्ती वाटते? याआधी बरं वाटायला कशाचा उपयोग झाला?

उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. एखाद्या बाई म्हणतात, "मला माझ्या शेळ्या परत पाहिजेत, जावेनं नेल्यात." आपण लिहितो, "रुग्णाची घरी जाण्याची इच्छा." शेळ्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर योजनाही गेली. शेळ्या कागदावर राहिल्या की कामाचे प्रश्न आपोआप समोर येतात. सकाळी सातला शेळ्या सोडायच्या, तर तेव्हा गुंगी असून चालणार नाही; झोप आणणारा डोस रात्री घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं लागेल. पहिले काही दिवस रानात एकटं जायचं की कुणाबरोबर? जावेशी कोण बोलणार? एवढ्या एका इच्छेतून औषधाची वेळ, दिवसाचा आखलेला क्रम आणि घरातला ताण असे तिन्ही विषय निघतात.

इशारा: "औषध नियमित घेणे" हे ध्येय म्हणून लिहू नका. ते आपलं ध्येय आहे. रुग्णाचं ध्येय शेळ्या, शिलाई मशीन, अर्धवट राहिलेली बारावी किंवा मुलाला शाळेत सोडणं असं असतं. औषध हा त्याकडे जाण्याचा एक रस्ता आहे, आणि बैठकीत तसंच बोला.

एका बैठकीत सगळं होत नाही. काही जण पहिल्या वेळी "तुम्ही म्हणाल तसं" एवढंच म्हणतील. वर्षानुवर्षं कुणी विचारलेलं नसतं. दोन दिवसांनी पुन्हा बसा.

## टप्पा ३: आजार परतत असल्याच्या खुणा

आपल्या छापील कागदांवर असतं, "झोप कमी होणे, चिडचिड, संशय." हे कुणालाही लागू होतं, म्हणून कुणाच्याच कामाला येत नाही. प्रत्येकाचा आजार आपल्या ठरावीक वाटेने परत येतो. ती वाट शोधायची असेल तर मागच्या भरतीपासून उलटं चालत या: भरतीच्या आदल्या दिवशी काय चाललं होतं? त्याआधीच्या आठवड्यात? सगळ्यांत आधी काय बदललं? मग तोच प्रश्न घरच्यांना वेगळा विचारा. रुग्णाला आतून जाणवलेलं आणि घरच्यांना बाहेरून दिसलेलं, दोन्ही लागतं.

कामाची नोंद अशी दिसते:

- पहाटे तीनला उठून अंगण झाडायला लागते.
- भांड्यांचा आवाज सहन होत नाही, सुनेवर ओरडते.
- फोन बंद करून पत्र्याच्या पेटीत ठेवते.
- शेजारच्या दुकानात जायचं टाळते. "ते माझ्याकडे बघून बोलतात" म्हणते.

या खुणा घडतात त्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकीसमोर काय करायचं ते रुग्णाकडूनच ठरवून घ्या. पहिल्या खुणेला: रात्रीचं जागरण टाळणं, वहिनीला सांगणं, चुकलेली गोळी सुरू करणं (क्लोझापिनचं मात्र टप्पा ४ प्रमाणे). दोन खुणा एकत्र दिसल्या तर: ओपीडीच्या तारखेची वाट न बघता जाणं. फोन पेटीत गेला तर: त्याच दिवशी डॉक्टर.

आणखी एक गोष्ट इथेच बोलून ठेवा. माणूस रागावला, रडला किंवा रात्री उशिरापर्यंत क्रिकेटची मॅच बघत बसला, तर तो लगेच आजार होत नाही. घरच्यांनी प्रत्येक रागाला "गोळी घेतलीस का?" असं विचारायला सुरुवात केली की गोळीचाच राग यायला लागतो.

## टप्पा ४: औषधांचा सराव वॉर्डातच

वॉर्डात आपण गोळी हातावर ठेवतो, पाणी देतो, तोंड उघडून बघतो. माणूस हे कित्येक दिवस बघतो आणि मग एका सकाळी सगळं स्वतःच सांभाळेल अशी आपण अपेक्षा करतो. डिस्चार्जआधी किमान पाच-सात दिवस डॉक्टरांच्या संमतीने हा सराव घ्या:

१. पहिले दोन दिवस गोळ्या आपण देतो, पण प्रत्येक गोळी कशासाठी ते रुग्ण सांगतो. "झोपेची", "आवाजाची", "हात थरथरतात त्याची" एवढं पुरे.

२. पुढचे दोन दिवस रुग्ण स्वतः पाकिटातून गोळ्या काढतो, आपण फक्त बघतो.

३. शेवटचे दिवस वेळ झाली की रुग्णच येऊन मागतो. आपण आठवण करत नाही. तो विसरला तर रागावू नका. तो का विसरला, हीच आपल्याला हवी असलेली माहिती आहे.

घरी खूण करायला भिंतीवरचं कॅलेंडर सगळ्यांत सोपं. ज्या चौकटीत दुधाचा खाडा लिहितात, त्याच चौकटीत गोळी घेतल्याची बरोबरची खूण. लिहिता-वाचता येत नसेल तर सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र काढून द्या.

औषधानुसार काही गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, आणि नेमक्या याच राहून जातात.

लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध): रक्ततपासणी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी करतात. त्या दिवशी सकाळची गोळी घेऊन ओपीडीला आलं की अहवाल चुकीचा येतो. निर्जळी उपवास, कडक रोजा, मे महिन्यातलं उन्हातलं काम, जुलाब-उलट्या यांत शरीरातलं पाणी कमी होतं आणि लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन अशी दुखण्यावरची गोळी परस्पर घेऊ नये. हात जोरात थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या होणं यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवून लगेच दवाखाना.

क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध): सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायची पद्धत आहे; पुढे हे अंतर वाढतं. ताप किंवा घसादुखी आली तर "व्हायरल असेल" म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. शौचाला तीन-चार दिवस झाली नाही तरी कळवायचं. सलग ४८ तासांपेक्षा जास्त डोस चुकले तर जुना पूर्ण डोस परस्पर सुरू करायचा नाही. तो डॉक्टर पुन्हा अगदी कमी मात्रेपासून वाढवतात. विडी-सिगारेटचंही इथेच विचारा. धूम्रपानाने या औषधाची रक्तातली पातळी उतरते. वॉर्डात विडी बंद असताना बसवलेला डोस घरी विडी सुरू झाल्यावर अपुरा पडू शकतो. उलट, घरी ओढणाऱ्याने अचानक सोडली तर तोच डोस जास्त होतो. दोन्ही वेळा डॉक्टरांना कळवायचं.

डेपो इंजेक्शन (एकदा दिलं की काही आठवडे हळूहळू काम करत राहणारं): चार आठवड्यांचं इंजेक्शन म्हणजे महिन्याचं नव्हे. तारीख धरून चालणारा माणूस दर वेळी दोन-तीन दिवस मागे पडतो. वार सांगा: आज बुधवार, तर आजचा सोडून चौथ्या बुधवारी.

व्हॅल्प्रोएट (हेही मनाचे चढउतार आवरणारं औषध): मूल होण्याच्या वयातल्या बाईशी याबद्दल स्वतंत्र बोला. गर्भाला याचा धोका असतो. गर्भनिरोधन आणि बाळाचा विचार हे दोन्ही विषय डिस्चार्जआधी डॉक्टरांसमोर निघाले पाहिजेत. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःहून गोळी बंद करणंही धोक्याचं असतं.

इशारा: "पाय वळवळतात, एका जागी बसवत नाही" ही तक्रार औषधाची असू शकते. घरचे तिला आजार समजतात, रुग्ण सहन न होऊन गोळी सोडतो आणि आपण "सहकार्य करत नाही" लिहितो. वॉर्डातच विचारा, वॉर्डातच डॉक्टरांना दाखवा. वजन, लैंगिक इच्छा, तोंडातून गळणारी लाळ यांबद्दलही आपणच विषय काढा. लाजेने लोक बोलत नाहीत आणि गोळ्या गुपचूप फेकतात.

## टप्पा ५: जिवाच्या सुरक्षिततेची योजना

डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा आणि त्यापुढचे तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यांत जोखमीचे असतात. वॉर्डात हसत-बोलत असलेला माणूस घरी जाऊन कर्ज, मोडलेलं लग्न आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांना एकाच वेळी सामोरा जातो.

स्पष्ट विचारा: "मरावंसं वाटतं का? कसं करायचं असं काही मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने मात्र माणूस तिच्यासोबत एकटा पडतो. मग लिहून घ्या: मन त्या दिशेला जायला लागलं की कसं कळतं, तेव्हा स्वतः काय करता येतं, कुणाजवळ जाऊन बसता येतं, कुणाला उघडपणे सांगता येतं. नाव आणि नंबरासकट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर रुग्णाच्या फोनमध्ये वॉर्डातच सेव्ह करून घ्या. तातडीला १०८ आणि ११२.

त्यानंतर साधनांचं बोला, कारण आपल्याकडे शेतकरी घरांत फवारणीचं औषध अनेकदा घरातच, माळ्यावर किंवा दाराआड असतं. ते रुग्ण घरी पोहोचायच्या आधी हलवायला सांगा: कुलूप, किल्ली दुसऱ्याकडे, शक्यतो जागा घराबाहेरची. "बघतो" या उत्तरावर थांबू नका. कोण हलवणार, कधी हलवणार, ते विचारा आणि हलवल्याचा फोन घ्या.

गोळ्यांचा साठा हाही याचाच भाग आहे. लांबून येणाऱ्याला दोन महिन्यांच्या गोळ्या देणं सोयीचं वाटतं, पण लिथियम किंवा जुन्या प्रकारच्या उदासीनताविरोधी गोळ्यांचा एवढा साठा धोक्याच्या माणसाच्या हाती देऊ नये. यावर माझं मत ठाम आहे: सुरुवातीला आठ-पंधरा दिवसांच्याच गोळ्या आणि जवळच्या जिल्हा ओपीडीत पुढचा साठा. ते जमत नसेल तर घरातल्या ज्या माणसावर रुग्णाचा विश्वास आहे, त्याच्याकडे साठा ठेवायचा. पण हे रुग्णासमोर, त्याला विचारून ठरवा. त्याच्यामागे गोळ्या लपवल्या की विश्वास जातो.

## टप्पा ६: घरच्यांबरोबरची बैठक

आता घरच्यांना बोलवा. आत जाण्यापूर्वी रुग्णाला विचारा, "यांच्यासमोर काय बोलायचं, काय नाही?" कायद्याने त्याची माहिती गोपनीय आहे. प्रतिनिधीला त्याचं काम करण्यापुरती माहिती देता येते, वॉर्डात कळलेली प्रत्येक गोष्ट नव्हे.

बैठकीत कागद रुग्णाच्या हातात असू द्या आणि पहिलं त्याला बोलू द्या. घरचे मध्येच "हा घरी असा वागतो" म्हणून सुरू झाले तर त्यांना नंतर वेगळा वेळ द्या, आणि तो खरंच द्या. रात्र-रात्र जागलेली आई, दुकान बंद ठेवून धावलेला भाऊ, त्यांचंही कुणी ऐकलेलं नसतं. त्यांना तीनच गोष्टी सांगा: एका वेळी एकच काम सांगा, "आळशी झालायस" म्हणू नका, कारण औषधाचा आणि आजाराचा थकवा खरा असतो, आणि चाललंय त्यात जे बरं आहे ते बोलून दाखवा.

भगत-देवऋषीचा विषय निघाला तर चेष्टा करू नका. चेष्टा केली की ते लपवून जातात. देवाचं करायचं ते करा, पण गोळी चालू ठेवा, आणि मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं होऊ देऊ नका, इतकं ठामपणे सांगा.

घरचे न्यायला तयारच नसतील तर? माणूस केवळ कुटुंब नाकारतं म्हणून रुग्णालयात पडून राहता कामा नये, असं कलम १९ सांगतं. समाजसेवा अधीक्षकांना त्याच दिवशी सामील करा. कुटुंबाच्या घरात राहण्याच्या हक्कासाठी कायदेशीर मदत आणि हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवारा), हे दोन्ही मार्ग एकदमच सुरू करा. एक फसल्यावर दुसरा, असं करण्यात वर्षं जातात.

## टप्पा ७: रजेवर पाठवून बघा

कलम ८९ किंवा ९० (३० दिवसांपुढची भरती) खालच्या रुग्णाला डॉक्टर कलम ९१ प्रमाणे रजा देऊ शकतात. जमत असेल तर दोन-तीन दिवसांची रजा द्या. परत आल्यावर "कसं वाटलं?" एवढ्यावर सोडू नका. झोप कुठे लागली, गोळ्या कोणी काढल्या, दुपारी काय केलं, कुणी काय बोललं, विषय कुठे तापला, हे विचारा आणि योजनेत बदल करा.

## टप्पा ८: एक पान

सगळं एका पानावर आणा, मराठीत, मोठ्या अक्षरात, रुग्णाच्या शब्दांत. वरती त्याला काय हवंय ते. खाली धोक्याच्या खुणा आणि उपाय, गोळ्या, कठीण वेळेची माणसं आणि नंबर, पुढची तारीख आणि ठिकाण. शेवटी पुन्हा भरती व्हावं लागलं तर काय करावं आणि काय करू नये: "मला बांधू नका, आधी बहिणीला फोन लावा" असं कुणी सांगितलं तर तसंच लिहा. त्याला आगाऊ निर्देशाचं रूप द्यायचं असेल तर डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक मदत करतील.

तपासा: रुग्णाला पान बंद करून विचारा, "पहिली खूण कोणती आणि तेव्हा काय करायचं?" सांगता आलं नाही तर पान त्याचं झालेलं नाही. पुन्हा बसा.

## टप्पा ९: जायचा दिवस

या दिवशी नवीन काही शिकवू नका. पान, गोळ्या, डिस्चार्ज कार्ड, पुढच्या डॉक्टरांसाठी पत्र आणि भरतीच्या वेळी जमा केलेल्या वस्तू रुग्णाच्या हातात द्या, भावाच्या नाही. दीर्घ आजारात ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व भरू शकेल असं डॉक्टरांना वाटत असेल, तर प्रमाणपत्राचा अर्ज इथूनच मार्गी लावा. जिल्हा ओपीडीला स्वतः फोन करून "अमुक तारखेला अमुक रुग्ण येतोय" असं सांगा. नुसतं पत्र अनेकदा पिशवीतच राहतं.

## टप्पा १०: तिसऱ्या दिवशी फोन

तीन दिवसांच्या आत फोन, सात दिवसांच्या आत प्रत्यक्ष भेट. फोन रुग्णाला करा. घरच्यांनी उचलला तरी रुग्णाशीच बोला. झोप, गोळ्या, त्रास, मनात येणारे विचार आणि पानावरच्या पहिल्या ओळीचं काय झालं, हे पाच प्रश्न. उत्तर रजिस्टरमध्ये तारीख आणि सहीसह लिहा, म्हणजे पाळी बदलली तरी पुढच्या सिस्टरला धागा सापडतो.

फोन लागला नाही तर त्याच दिवशी दुसऱ्या वेळी करा, मग दुसऱ्या नंबरवर. दुसऱ्या दिवशीही लागला नाही तर वॉर्डाच्या डॉक्टरांना सांगा आणि जिल्हा मानसिक आरोग्य पथकाला कळवा. रुग्णाने आधी संमती दिली असेल तर गावच्या आशाताईंना घरी जाऊन यायला सांगता येतं. म्हणून ही संमती टप्पा ८ च्या पानावरच सहीसकट घेऊन ठेवा. टप्पा ५ मध्ये ज्याने मरण्याच्या विचारांबद्दल सांगितलं होतं, त्याच्या बाबतीत दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.